एक सायकल, एक येझदी: पुणे ते रत्नागिरी आणि परत

डिसेंबर 1988 मध्ये मी आणि माझा एक मित्र माझ्या येझदी मोटारसायकलवरून भोरमार्गे वरंध घाटाने महाडला उतरलो, दापोली करून दाभोळला खाडी ओलांडली आणि रत्नागिरीपर्यंत जाऊन आंबा घाटाने पुण्यास परतलो. तेव्हा मी पंचविशीत होतो. त्या प्रवासातले रस्ते मला नीट आठवतात असे मी इतकी वर्षे समजत होतो, पण सेवानिवृत्तीनंतर पुन्हा रोज सायकल चालवू लागलो तेव्हा लक्षात आले की मला आठवत होती ती गावे आणि जेवणे. चढ मात्र एकही आठवत नव्हता. मोटारसायकलवरच्या माणसाला चढ म्हणजे एक गिअर खाली, एवढेच. म्हणून गेल्या डिसेंबरात, शक्य तितका किनाऱ्याला धरून, तोच प्रवास सायकलवर करायचे ठरवले.

मित्राच्या दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारलेला असल्यामुळे तो सायकलवर येणार नव्हता. परंतु मला एकट्याला जाऊ देण्यासही तो तयार नव्हता. अखेर असे ठरले की माझी तीच येझदी, जी आजही चालू अवस्थेत आहे, ती त्याने चालवायची, सामान तिच्यावर लादायचे आणि प्रत्येक चढाच्या माथ्यावर माझी वाट पाहत बसायचे. परतताना सायकल ट्रान्सपोर्टने पाठवून आम्ही दोघांनी पूर्वीसारखे डबलसीट यायचे.

पहिला दिवस: पुणे ते माणगाव, सुमारे 105 किलोमीटर

पहाटे साडेपाचला चांदणी चौक मागे टाकला. भूगाव आणि पिरंगुटचे चढ थंडीत अंग गरम करण्यापुरतेच जाणवले. मी ज्या पुण्यात वाढलो ते सायकलींचे शहर होते; सकाळी कारखान्यांच्या आणि कॉलेजांच्या वेळेला रस्ताभर हँडले आणि घंट्या असत, महानगरपालिकेचा सायकल कर भरल्याचा पितळी बिल्ला लावावा लागे, आणि दिव्याशिवाय किंवा डबलसीट पकडले गेल्यास पोलीस सरळ चाकांतली हवा सोडून देत. आमच्या घरी वडिलांची काळी हर्क्युलिस होती. सीटवर बसून पाय पोचत नसल्यामुळे मी ती नळीखालून पाय घालून, हाफ पायडल मारीत शिकलो. उजव्या पायाची पोटरी चेनच्या वंगणाने काळी झालेली असे आणि आई ती रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढी. त्या वयात मला मिळालेले स्वातंत्र्य नेमके केवढे होते, हे सांगणे सोपे आहे: तासाला 25 पैसे भाड्याने आणलेल्या सायकलीवर जाऊन वेळेत परत येता येईल एवढे.

पौड सोडल्यावर मुळशीच्या जलाशयाच्या कडेने रस्ता जातो. हे धरण टाटांच्या वीजनिर्मितीसाठी बांधले गेले आणि त्यात जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. मोटारसायकलवरून इथून जाताना पाणी सुंदर दिसते. सायकलवरून जाताना ते संपत नाही. किती जमीन पाण्याखाली गेली असेल, याचा अंदाज मांड्यांना येतो.

ताम्हिणी घाटाच्या उतारावर मित्र पहिल्यांदाच माझ्या मागे राहिला आणि मला त्याचे कारण ठाऊक होते. येझदी टू-स्ट्रोक आहे, म्हणजे तिच्या इंजिनाला लागणारे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, एका लिटरला साधारण 40 मिली. लांब उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवला तर पेट्रोल जवळजवळ थांबते आणि त्याबरोबर वंगणही थांबते; पिस्टन जाम होण्याची भीती असते. म्हणून उतारावरसुद्धा मधूनमधून थोडा ॲक्सिलरेटर द्यावा लागतो. शिवाय अशा इंजिनाचा ब्रेकसारखा उपयोग फारसा होत नाही. त्यामुळे तो बापडा ड्रम ब्रेक दाबत आणि मध्येच ‘भर्र’ करीत येत होता, आणि मी तोपर्यंत विळे गावाच्या अलीकडे पोहोचून चहा सांगितला होता. पूर्वी पेट्रोलपंपावर टू-टी ऑइलचे हातपंपाचे यंत्र असे. आता बाटली बरोबर बाळगावी लागते आणि पंपावरची तरुण मुले ती बाटली पाहून काहीतरी भेसळ चालली असावी अशा नजरेने पाहतात.

निजामपूरमार्गे माणगावला पोहोचेपर्यंत चार वाजले. महामार्गालगतच्या लॉजवर मुक्काम केला. त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

दुसरा दिवस: माणगाव ते हरिहरेश्वर, सुमारे 65 किलोमीटर

म्हसळ्यापर्यंतचा रस्ता वरखाली होत राहतो. एका चढावर मी सायकल हातात धरून चालत होतो आणि मित्र पुढे झाडाखाली येझदी लावून बसला होता, तेव्हा तिथून जाणाऱ्या एका गृहस्थांनी थांबून त्याला विचारले, “काय हो, भांडण झालंय का तुमचं?” एकाने आरामात बसावे आणि दुसऱ्याने घाम गाळीत यावे, याचा दुसरा अर्थ त्यांना लागेना. हा प्रश्न पुढे निरनिराळ्या रूपांत रोज विचारला गेला. गाडी असताना सायकल कशाला, याला मी सुरुवातीला लांब उत्तर देत असे. तिसऱ्या दिवसापासून “नवस आहे” असे सांगू लागलो आणि त्याने सर्वांचे समाधान झाले.

श्रीवर्धन हे पेशव्यांच्या भट घराण्याचे गाव, आणि रोठा सुपारीचेही. दुपारी सुपारीच्या बागांमधून जाताना रस्त्यावर इतकी गर्द सावली होती की घामाने भिजलेला सदरा गार लागू लागला. हरिहरेश्वरला संध्याकाळी प्रदक्षिणेच्या वाटेवर पायऱ्या उतरून गेलो. दिवसभर चढ चढून आलेल्या माणसाने पायऱ्या उतरू नयेत, एवढा शोध मला तिथे लागला.

तिसरा दिवस: हरिहरेश्वर ते मुरूड, सुमारे 60 किलोमीटर

बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरलो. येथून रत्नागिरी जिल्हा सुरू होतो आणि कोकणच्या किनारी रस्त्याची खरी रीतही इथपासूनच कळते. किनाऱ्यालगतचा रस्ता म्हणून तो सपाट असेल, अशी अनेकांची समजूत असते आणि नकाशाही तसेच भासवतो. प्रत्यक्षात गाव खाली समुद्राशी असते, त्याच्या पुढे डोंगराची सोंड थेट पाण्यात उतरलेली असते, म्हणून रस्ता वर जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, चढतो, सड्यावरून दोन-तीन किलोमीटर भर उन्हात जातो आणि पुन्हा पुढच्या गावाच्या माडांत उतरतो. मध्ये खाडी असली तर तिला वळसा घालतो किंवा तिच्यापाशी संपतो. एकेक चढ दीडदोन किलोमीटरचाच असतो. पण असे चढ दिवसातून सात-आठ वेळा येतात आणि ते घाटासारखे वळणावळणाने सौम्य केलेले नसतात. बैलगाडीच्या वाटेवर डांबर घातले असावे, तसे सरळ उभे जातात.

इथे गिअरच्या सायकलीचे उपकार मान्य केलेच पाहिजेत. वडिलांच्या हर्क्युलिसला पुढे 44 आणि मागे 18 दात होते. म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाई. माझ्या आताच्या सायकलीची पुढची सर्वांत लहान चकती 28 दातांची आणि मागची सर्वांत मोठी 34 दातांची आहे, त्यामुळे एका फेरीत ती जेमतेम एक मीटर ऐंशी सेंटिमीटर सरकते. तेवढ्याच उंचीसाठी तिप्पट फेऱ्या माराव्या लागतात, पण प्रत्येक फेरीला लागणारा जोर तिसरा हिस्साच असतो. वेग चालणाऱ्या माणसाइतका होतो, हे खरे. एका चढावर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक आजी माझ्या बरोबरीने चालत होती आणि आमचे अर्धा किलोमीटर निवांत बोलणे झाले. भारा तिच्या डोक्यावर, धाप मला.

केळशीला महालक्ष्मीच्या देवळाच्या आवारात विसावा घेतला आणि आडेमार्गे आंजर्ल्याला आलो. कड्यावरच्या गणपतीला जाण्यासाठी आणखी एक चढ होता. तिथे मी निर्लज्जपणे येझदीच्या मागच्या सीटवर बसलो. आंजर्ल्याची खाडी आता पुलावरून ओलांडता येते. हर्णैच्या बंदरात संध्याकाळचा मासळीचा लिलाव चालू होता आणि मागे सुवर्णदुर्ग उन्हात तांबूस दिसत होता. महर्षी कर्व्यांच्या मुरूडला एका घरगुती खाणावळीत मुक्काम केला. बारा-तेरा आंबोळ्या खाल्ल्यावर मी मोजणे थांबवले, यजमानीणबाईंनी थांबवले नाही.

चौथा दिवस: मुरूड ते गुहागर, सुमारे 55 किलोमीटर

कर्दे, लाडघर, बुरोंडी करीत दुपारी दाभोळला पोहोचलो. ज्या ठिकाणासाठी मी हा सारा खटाटोप केला होता, ते हे बंदर.

आज दाभोळहून धोपाव्याला गाड्या वाहून नेणारी फेरीबोट जाते. तिला इथे जंगलजेटी म्हणतात. तिचा पत्र्याचा दरवाजा धक्क्यावर उतरतो, मोटारी, टेम्पो, दुचाक्या आत जातात आणि काही मिनिटांत वाशिष्ठीचे विस्तीर्ण मुख ओलांडून पलीकडे बाहेर पडतात. 1988 मध्ये हे काही नव्हते. आम्ही आलो तेव्हा ओहोटी लागलेली होती आणि लाँच धक्क्यापेक्षा पुरुषभर खाली गेली होती. खलाशांनी दोन फळ्या टाकल्या, येझदीच्या पुढच्या फोर्कला आणि मागच्या कॅरियरला दोर बांधला, आणि चौघांनी तिला म्हशीसारखी हळूहळू खाली उतरवली. मध्येच एक फळी सरकली. दोन क्षण 140 किलोची गाडी केवळ दोरावर लोंबकळत होती आणि पेट्रोलच्या टाकीच्या झाकणातून धार लागून समुद्रावर इंद्रधनुष्यी तवंग पसरला होता. मित्र आधीच लाँचमध्ये उतरला होता. त्याने खालून दोन्ही हात वर करून तिचे मागचे चाक धरले. गरम सायलेन्सर त्याच्या मनगटाला लागला आणि त्याने हात सोडला नाही. खाडी ओलांडेपर्यंत तो गाडीला मिठी मारून बसला होता आणि मी सामान सांभाळण्याचे निमित्त करून दुसरीकडे पाहत होतो, कारण मला रडू येत होते. गाडीवर अजून कर्जाचे बारा हप्ते बाकी होते.

त्याच्या उजव्या मनगटावर आजही करंगळीएवढा पांढुरका डाग आहे. या खेपेस जंगलजेटीवर त्याने येझदी स्टँडवर लावली, कठड्याला टेकला आणि म्हणाला, “तेव्हा सोडली असती तर आज इथे तळाला असती ती.” मी म्हणालो, “आणि मग मी तुला हात सोडल्याबद्दल बोलत बसलो असतो.” एवढ्यावर तो विषय संपला. सायकल मात्र मी एका हाताने चढवली आणि एका हाताने उतरवली.

गुहागरला समुद्रकिनाऱ्याजवळ तीन-चार मुलांनी येझदीला गराडा घातला. हे नाव 2022 मध्ये नव्या मोटारसायकलींवर पुन्हा आल्यामुळे त्यांना ते माहीत होते. पण ही गाडी म्हैसूरच्या आयडियल जावाच्या कारखान्यातली आहे आणि तो कारखाना 1996 मध्ये बंद पडला, हे ऐकून त्यांना ती एकदम पूज्य वाटू लागली. मित्राने त्यांना तिची खास करामत दाखवली. तिच्यात किक आणि गिअर यांचा दांडा एकच आहे: तो आत दाबून मागे उलटा फिरवला की किक होतो, इंजिन सुरू झाले की पुन्हा पुढे आणायचा आणि त्याच दांड्याने गिअर टाकायचे. एका मुलाने लगेच करून पाहिले आणि किकचा उलटा फटका पोटरीवर खाल्ला. त्याच्या पिढीतली येझदीची ही पहिली दीक्षा असावी.

पाचवा दिवस: गुहागर ते मालगुंड, सुमारे 60 किलोमीटर

सकाळी व्याडेश्वराचे दर्शन घेऊन निघालो. पालशेत, वेळणेश्वर झाल्यावर हेदवीच्या उतारावर, मी थोडा जास्तच मोकळा सुटलो असताना, रस्त्याच्या कडेच्या जांभ्याच्या धारदार खडीवरून मागचे चाक गेले आणि ‘फट्’ असा आवाज झाला. पंक्चर मला नवीन नाही. दोन ट्यूब बरोबर होत्या. परंतु टायरच्या बाजूलाच अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठी चीर गेली होती आणि नवी ट्यूब घालून हवा भरताच ती त्या चिरेतून बेडकाच्या गळ्यासारखी फुगून बाहेर येऊ लागली.

मित्राने सायकलचे चाक पाठीला अडकवून मला मागे बसवले आणि आम्ही पुढच्या वाडीतल्या एका दुचाकीच्या गॅरेजात गेलो. तिथल्या कारागिराने टायर आतून-बाहेरून चाचपला, काही न बोलता कोपऱ्यातल्या ढिगातून सायकलचा टाकाऊ टायर काढला आणि त्याचा पानसुपारीच्या पानाएवढा तुकडा कापला. याला आमच्याकडे गेटर म्हणतात. तो नुसता आत ठेवला तर त्याची कड ट्यूबला घासून नवे पंक्चर होते, म्हणून त्याने दाढीच्या पात्याने तुकड्याच्या चारही कडा पोळीच्या काठासारख्या पातळ होईपर्यंत तासल्या, काचपेपर मारला, सोल्यूशन लावून फुंकर घालत वाळू दिले आणि चिरेवर आतून बसवून अंगठ्याने बराच वेळ दाबून धरले. ट्यूबला पावडर लावली. हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवण्यास सांगितले. सारे मिळून चाळीस मिनिटे लागली आणि त्याने तीस रुपये मागितले. मी शंभर देऊ केले तेव्हा त्याने सत्तर परत केले आणि म्हणाला, “रत्नागिरीपर्यंत जाईल. पुढचं मी सांगत नाही.” दुरुस्तीची इतकी प्रामाणिक हमी मला कोणत्याही चकचकीत सायकल-दुकानात मिळालेली नाही. शहरातल्या एका दुकानाने तर मला असाच टायर “फेकूनच द्या, काका” असे सांगून दुसरा विकला होता.

तवसाळला फेरीबोट धरून शास्त्रीची खाडी ओलांडली आणि जयगडला उतरलो. बंदरावरून वर चढताना ट्रकांची वर्दळ होती. हा तुकडा मान खाली घालून काढला. अंधार पडताना केशवसुतांच्या मालगुंडात शिरलो. गेटर पक्का होता.

सहावा दिवस: मालगुंड ते रत्नागिरी, सुमारे 30 किलोमीटर

सकाळी उठलो तर मित्र अंगणात माझ्या सायकलीशेजारी उभा होता. त्याने सीट खाली करण्याचा खटका उघडला होता आणि तो बंद कसा करायचा ते त्याला समजत नव्हते. “गणपतीपुळ्यापर्यंत सपाट आहे ना?” असे त्याने विचारले. पूर्ण सपाट नव्हते, पण मी होय म्हणालो.

त्याला सायकलवर बसून किमान वीस वर्षे झाली असतील. पहिली शंभर पावले हँडल थरथरत होते, मग सरळ झाले. मी येझदीवर त्याच्या मागे, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये राहिलो. इतक्या कमी वेगात टू-स्ट्रोक इंजिनाचा प्लग काजळून बसतो, हे ठाऊक असूनही मला पुढे जायचे नव्हते. त्याच्या पाठीचा सदरा वाऱ्याने फुगला होता आणि तो उगीचच घंटी वाजवत होता. रस्त्यावर एक कुत्रे सोडून कोणी नव्हते. अखेर व्हायचे तेच झाले: येझदी दोनदा फटफट करून बंद पडली. मी कडेला उभा राहून प्लग काढला, काचपेपरने घासला, पेट्रोलने धुतला, काडीने आतला काजळीचा कण काढला आणि पुन्हा बसवला. तोवर तो वळणापलीकडे दिसेनासा झाला होता. पुढे गणपतीपुळ्याला तो एका टपरीसमोर बाकावर बसलेला सापडला, डावा पाय समोरच्या खुर्चीवर पसरून. “कुठे मेला होतास?” त्याने विचारले. सहा दिवस मी ज्याला वाट पाहायला लावली होती त्याला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार होता.

तिथून आरे-वारेच्या किनाऱ्याने रत्नागिरीपर्यंत मी सायकलवर गेलो. उजवीकडे खाली समुद्र आणि रस्ता कड्याच्या पोटातून जाणारा. या प्रवासातले सर्वांत सुंदर किलोमीटर हेच, असे सगळेच म्हणतात आणि ते खरे आहे. दुपारी ट्रान्सपोर्टच्या गोदामात सायकल बांधून दिली. हँडल वळवले, पायडल काढले. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे तिथल्या हमालाला सांगूनही त्याने पान्हा नेहमीच्या दिशेने लावला आणि पायडल आणखी घट्ट केले. मग दोघांनी मिळून सोडवले.

सातवा दिवस: रत्नागिरी ते पुणे

पाली, साखरपा, मग आंबा घाट. मी पुढे, मित्र मागे. सहा दिवस एकेक चढ पायांनी मोजल्यावर येझदीने आंबा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सहज चढून जावा, यात काही गैर आहे असे मला वाटले नाही. उलट प्रत्येक वळणाला मी मनात सायकलचा गिअर पाडत होतो आणि इंजिनाचा जोर पाठीमागून कोणी ढकलल्यासारखा जाणवत होता. तिच्या धुराची मात्र आता लाज वाटते. मागून येणाऱ्या गाड्यांना मी दोनदा कडेला होऊन पुढे जाऊ दिले.

कोल्हापूरला जेवलो. महामार्गावर साठ-पासष्टच्या वेगाने, खंबाटकीच्या बोगद्यातून, रात्री नऊला पुण्यात पोहोचलो. मित्राला घरी सोडले तेव्हा त्याला गाडीवरून उतरण्यासाठी माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला.

सायकल तीन दिवसांनी आली. मी गोदामात जाण्यास निघालो होतो, एवढ्यात त्याचा फोन आला की तो तिथेच आहे, रिक्षाने गेला आहे आणि पावती त्याच्याकडे असल्यामुळे मी येण्याची गरज नाही. दीड तासाने खाली घंटी वाजली. गेटर लावलेले मागचे चाक अजून टिकून होते, पायडल दोन्ही बरोबर बसवलेले होते आणि सीट दोन बोटे खाली होती. तो चहा पिऊन गेला. मी सीट वर केली ती दुसऱ्या दिवशी.